अखर्चित

कन्याशाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या पुरेनात
म्हणून मंगल कार्यालयातून खुर्च्या आणल्या,
फटींत अजून कुणाच्यातरी लग्नाच्या अक्षता.
मला दिलं एक घड्याळ आणि शाळेची पितळी घंटा.
"निर्वळसाहेब, तुम्ही हिशेबातले.
प्रत्येकी तीन मिनिटं. वर सेकंद नाही."

अठ्ठावीस वर्षं मी मानवतचं अंदाजपत्रक लिहिलं.
आधी अंदाज, मागून पत्रक.
पाणीपट्टीची थकबाकी जमेच्या बाजूला
कशी अलगद निजवतात, मला ठाऊक आहे.
घंटा वाजवायला तेवढं पुरतं.

पहिले प्रल्हादराव रासवे. मुद्दा हद्दवाढ.
लॅमिनेट केलेला नकाशा, लाल रेघ.
"गाव मोठं तर निधी मोठा!"
रेघेवरून फिरताना त्यांचं बोट
त्यांच्याच प्लॉटिंगवरून गेलं,
तिथं थांबलं मात्र नाही.
टण्ण.

मग मुनीर बागवान.
"स्टेशनला नाव आपलं, स्टेशन आपल्या गावात नाही!
मानवत, आणि पुढं रोड. त्या रोडनं
रात्री अडीचला उतरलेली बाई येणार कशी?"
दोन बस, जिनिंगच्या बायांना अर्धं तिकीट.
खरं बोलत होता पोरगा.
पण परिवहन या शीर्षाखाली आम्ही दरसाल
एक हजार रुपये ठेवायचो, शीर्ष मरू नये म्हणून.
त्या हजारात आजवर कंडक्टरची शिटीसुद्धा आली नाही.
हे मी बोललो नाही. मी घंटेवर होतो.
टण्ण.

उषाताई गोलाईत:
"घरपट्टी एक पैसा वाढणार नाही."
टाळ्या.
"आणि साडेचारशे घरकुलं."
टाळ्या.
दोन्ही वाक्यांना वेगवेगळ्या पडल्या,
वजाबाकी कुणी मागितली नाही.

तेवढ्यात मागून गयाबाई धापसे उठल्या,
पदराला सरकीचा कापूस चिकटलेला.
"माझी चूल नगरपरिषदेत, मोरी ग्रामपंचायतीत.
घरकुलाला इकडं गेलं की म्हणतेत तिकडं जा.
तिकडं गेलं की इकडं.
हद्द माझ्या उंबऱ्यातून जाती म्हणं.
मी हाय कुठं? तेवढं सांगा. मताचं मंग बघू."

रासव्यांनी नकाशा उचलला, उलटा.
बागवान म्हणाले, बस तुमच्या दारात थांबेल.
उषाताई म्हणाल्या, तुम्ही माझ्या मनात आहात.
मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.
"मनात नळ हाय का?" गयाबाईंनी विचारलं.

उरली होती अपक्ष. वैशाली दहे,
चिन्ह शिलाई मशीन, धंदा तोच.
माईक तिच्या उंचीपेक्षा वर होता, तिनं तो ओढला नाही.
"मला माहीत नाही," ती म्हणाली.
"उद्या सकाळी येते. टेप घेऊन."
आणि बसली.

अकरा सेकंद.

घंटा वाजवायची की नाही, नियमात नव्हतं.
पंखा फिरत होता, त्याचं एक पातं खरडत होतं.
दोन मिनिटं एकोणपन्नास सेकंद
मी घंटेची जीभ मुठीत धरून बसलो.
अखर्चित रक्कम मार्चअखेर परत जाते.
हीसुद्धा जाईल, वाटलं, जिथून आली तिथं,
आणि सवयीनं वहीत मांडून ठेवली.

सकाळी गेलो. सहज, म्हणजे मुद्दाम.
ती आली होती.
टेप शिंप्याची, दीड मीटरची,
आणि हद्दीचा दगड नाल्यापाशी, बाभळीखाली.
दीड मीटर, खूण, पुन्हा दीड मीटर.
दुसरं टोक धरायला माणूस लागतोच.
मी वाकलो. गुडघा वाजला, घंटेपेक्षा मोठ्यानं.
"मत मी तुला देईनच असं नाही," मी म्हणालो.
"टोक ताणून धरा," ती म्हणाली.

एकशे चौदा खुणा झाल्या तरी उंबरा दूरच होता.
गयाबाईंनी चहा ठेवला,
नगरपरिषद हद्दीत,
आणि कप विसळायला
ग्रामपंचायतीत गेल्या.