करकरीत

बाटली विहिरीत सोडली होती सिप्रियानने,
कळशीच्या दोरीला बांधून, दुपारी दोनपासून.
फ्रीज बिघडलाय म्हणाला. खोटं.
आतून त्याची घरघर मला ऐकू येत होती.

चाळीस वर्षं तारवटी. जहाजावर दुसऱ्यांचे पेले भरले
पांढरे हातमोजे घालून, लेबल पाहुण्याकडे करून.
आता रायबंदरच्या या बाल्कांवात
अर्ध्या चड्डीत बसून तो लेबल माझ्याकडे करतो,
आणि मी, जन्मभर वर्तमानपत्राची मुद्रितं तपासलेला,
आधी त्या अक्षरांत चूक शोधतो.

नाव हिरवी. म्हणायची पांढरी.
पेल्यात उतरली ती फिकट पिवळी,
बिट्टीचं फूल पाण्यात विसळावं तशी.
असं वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं
तर समासात प्रश्नचिन्ह केलं असतं मी.

'राव. पयलीं नाकान पी.'

नाकाने प्यालो.
आधी काहीच नाही. मग सोललेलं तोरंजन.
मग, हसू नका,
शाळेतली दगडी पाटी, थुंकीने पुसलेली.

'आतां ल्हवू.'

घोट जिभेच्या टोकाला टेकला
आणि दोन्ही कडांनी पळाला,
बिंबलाच्या झाडाखालून दात आंबलेली पोरं पळतात तसा.
मागे गोडवा नाही, चिकटा नाही.
तोंड असं, की कुणी नुकतंच झाडून सडा घालून गेलंय.

सुनेने कालवं आणून ठेवली, शिंपल्यांतच, नुसत्या लिंबावर.
एक कालव, एक घोट.
मांडवी आत आली खारट पायांनी
आणि वाइन तिला दार उघडून
बाजूला उभी राहिली.

'जहाजार ह्या चवीक एकूच उतर. क्रिस्प.
सगळे तेंच म्हणटाले, हांव येस सर म्हणटालों.
तुज्या भाशेंत कितें?'

कुरकुरीत, मी म्हणालो.
तो खो खो हसला. पापड न्हय रे.
स्वच्छ? ती साबणाची जाहिरात.
चुरचुरीत हा शब्द आमच्या संपादकांनी
अग्रलेखांत वापरून वापरून मऊ केला होता.

चोडणची फेरी सुटली. पलीकडच्या खारफुटीवर
उजेडाची एक कड तेवढी उरली, धारेची.
करकरीत तिन्हीसांजेला दारात बसू नये, आई म्हणायची,
आणि मी दारातच बसलो होतो, हातात पेला घेऊन.

करकरीत.
मोठ्याने म्हणालो.
कोऱ्या नोटेसारखी, पायात न रुळलेल्या वहाणेसारखी,
या वेळेसारखी, जिला इथे की तिथे
अजून ठरवता आलेलं नाही.

'कर्‌-क-रीत,' सिप्रियान म्हणाला,
र जरासा तोंडात घोळवत, घोटासारखाच.
मग बाटली फिरवली, लेबल स्वतःकडे केलं
आणि आपला पेला भरला, काठोकाठ,
जसा कुठल्याच पाहुण्याचा भरायचा नसतो.

'बांयंत आनीक एक आसा,' म्हणाला.

दोरी मी ओढली.