जोखीम : कमाल दोनशे अक्षरे

अर्जात एक चौकट आहे : जोखीम.
दोनशे अक्षरे, मोकळ्या जागा धरून.

खार्किवहून ओरीस्या विचारते,
सायरन हा एकच शब्द धरतात ना?
मी ब्रनोच्या कचेरीत, हीटरला पाय लावून,
म्हणते, एकच. पण तो नको,
'वीजपुरवठ्यात खंड' लिही, परीक्षकांना ते कळतं.
आणि जीभ चावते.

तिचं संशोधन शेवाळावर.
मुळं नसतात त्याला, ती सांगते,
जे खातं ते हवेतून.
म्हणून हवेत काय काय उडालं
ते शेवाळालाच विचारायचं : शिसं, तांबं, जस्त.
एकशे चाळीस पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने गाव.
त्यातल्या काही गावांना आता पत्ता नाही.

भागीदार मिळाला तार्तूचा,
उर्मास, निवृत्तीला आलेला.
'शेवाळ चांगलं आहे,' एवढंच म्हणाला आणि सही केली.

प्रवासखर्च : विमान नाही.
बस, सीमा, बस, आगगाडी.
सीमेवर ताटकळण्याचे तास कुठल्या रकान्यात?
मी 'इतर'मध्ये टाकते.

मुदत पाचची. तीनला तिची स्क्रीन काळी.
चारला फोन, धापा टाकत : संपलं ना?
अगं, ते तुझे पाच.
ब्रुसेल्सचे अजून वाजायचेत.
एक तास,
कुठल्याच अनुदानात न मोजलेला.

ती जिना उतरते, पावलं ऐकू येतात,
तळघरात जनरेटर, कुणाचं तरी बाळ रडतंय.
जोखमीच्या चौकटीत
अजून एकोणीस अक्षरं शिल्लक.