प्रत्येकी तीन मिनिटं

घड्याळ माझ्याकडे असतं.
लाल दिवा लागला की बोलणाऱ्यानं बसायचं.
नगरसभेची मी कारकून, अधिकार एवढाच.

आज हॅरो स्ट्रीटवरची चौदा घरं:
नकाशातला त्यांचा पिवळा पुसून
कचेऱ्यांचा निळा भरावा का.

मागच्या शांत गल्लीतले सगळे विरोधात.
ग्रेडी टॅलमन म्हणाला, गावाचा चेहरा जाईल.
आज दातांचा दवाखाना, उद्या विम्याची कंपनी,
परवा आमच्या मेपलखाली पार्किंग.
टाळ्या पडल्या.
टाळ्यांचा वेळ धरत नाहीत.

मग व्हर्ना स्टोल्झ उठली, घर क्रमांक ४१२.
"चेहरा तुमचा, काजळी माझ्या काचांवर.
दोन वर्षं घर विकायला काढलंय.
माणसं येतात, परसातलं पेअरचं झाड बघून हरखतात,
आणि निघताना पुढच्या दारात
पोराचं मनगट घट्ट धरून उभी राहतात.
आम्ही दोघं जेवताना वाक्य अर्ध्यावर ठेवायचो,
ट्रक गेला की उरलेलं.
ऑर्विल गेला त्या रात्रीही तो काहीतरी..."

एक मिनिट दहा सेकंद शिल्लक होते.
ती बसली नाही. बोललीही नाही.
टॅलमन टोपीची कड चाचपत राहिला.
दिवा लागला, तेव्हा मीच दचकले.

इतिवृत्तात लिहिलं: स्टोल्झ, बदलाच्या बाजूने.
निर्णय पुढच्या बैठकीवर.

उशीर झाला होता.
हॅरो स्ट्रीटनं गेलं की माझी सात मिनिटं वाचतात.
४१२ मध्ये अजून अंधार होता,
ती पोचायची होती.
मी वेग कमी केला,
मागच्यानं हॉर्न दिला.