तीन वाजून दहा

राईचा पर्वत करणं
हाच आमच्या प्रयोगशाळेचा धंदा.
माझं काम त्याच्याही अलीकडचं:
पर्वत बघायला येणाऱ्यांना
किल्ली द्यायची, खोली द्यायची,
टोपीत केस नीट खोचा म्हणायचं.

यंदा अर्ज एक्केचाळीस. जागा नऊ.
समितीने गुण दिले, मी बेरजा केल्या
आणि बत्तीस जणांना नकाराचं एकच पत्र
बत्तीस वेळा लिहिलं,
दर वेळी एक वाक्य बदलून.
हे कुणी सांगितलं नव्हतं.

केतेवान आली जानेवारीत, कुताइसीहून,
जेव्हा ऊलूमधला दिवस
शाळेच्या मधल्या सुट्टीएवढा असतो.
कोटाच्या आतल्या खिशात तिचा नमुना:
चकतीवर एक काळा ठिपका,
तीन वर्षं खपून वाढवलेला.
विमानतळावर विचारलं, हे काय आहे?
ती म्हणाली, काही नाही.
फारसं खोटंही नव्हतं ते.

सूक्ष्मदर्शक तळघरात बसतो,
इमारतीपासून सुटा, स्वतःच्या पायावर,
घरात वेगळी चूल मांडलेल्या थोरल्या भावासारखा.
त्याच्या पाच रात्री मी तिच्या नावावर लिहिल्या.

पहिल्या रात्री चित्र थरथरलं.
दुसऱ्या रात्री थरथरलं.
ओलावीने पंप उघडला, पुसला, लावला,
पंपाच्या आईचा उद्धार केला.
तिसऱ्या रात्री केतेवानने
स्वतःलाच दोष दिला.
पाहुण्यांचा हा जुना आजार.
आपल्या हातूनच बिघडलं असणार,
परक्या घरातला कप फुटावा तसं.

चौथ्या दिवशी नोंदवही मी चाळली.
त्यातलं मला फक्त घड्याळ कळतं.
तीन वाजून दहा.
तीन वाजून बारा.
तीन वाजून दहा.
यंत्र आजारी पडतं ते
घड्याळ बघून पडत नाही.

घड्याळ बघून येतो तो वेइक्को,
नगरपालिकेची बर्फ लोटायची गाडी घेऊन.

"उद्या पहाटे आमच्या आवारात येऊ नकोस."
"बर्फ साचेल."
"साचू दे."
"सिर्का, गुडघाभर साचेल. प्राध्यापक पडतील."
"पडू देत. मऊ असतो."
बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज.
मग म्हणाला,
"मी एवढा जड आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

पाचव्या रात्री मी घरी गेले नाही.
तळघरात मला परवानगी नाही;
परवाने मीच देते, म्हणून माहीत आहे.
वरच्या ओट्यावर कॉफी निवत होती,
काचेबाहेर बर्फ पडत होता,
अख्खं आवार भरेस्तोवर,
आणि खालच्या त्या नाजूक प्रकृतीला
त्याचा पत्ताही नव्हता.

चारच्या सुमारास ती वर आली, पायमोज्यांवर,
कागद अजून कोमट.
राखाडी ठिपक्यांच्या ओळी, ओळींवर ओळी.
मी बघत राहिले. विणकाम मला येतं.
म्हटलं, इथे एक टाका गळलाय.
ती माझ्याकडे बघून
हसली की रडली, नीट कळलं नाही.
"तोच," म्हणाली,
"तो गळलेला बघायलाच आले होते."

सकाळी प्राध्यापक लोक
बगळ्यांसारखे पाय उचलत आत आले.
संचालकांनी विचारलं, गाडी का नाही आली?
म्हटलं, चौकशी करते.

वार्षिक अहवालात रकाना आहे:
दिलेल्या रात्री, पाच. वापरलेल्या, पाच.
सहकार्य करणाऱ्या संस्था.
तिथे न आलेली गाडी कशी लिहायची
हे ठरत नाहीये, दुपार होत आली.

केतेवान कार्ड परत द्यायला विसरली.
नियमाने ते रद्द करायला हवं.
करीन.
सोमवारी मोंतेविदेओहून कुणी नेरेओ येतोय,
त्याने बर्फ पाहिलेला नाही.
बुटाचं माप विचारायला हवं.