नळी

पंप चालू असतो तेव्हा मला तो ऐकू येत नाही.
बंद पडला, की जाग येते.

सवय जुनी आहे. अठ्ठावीस वर्षं
रोसामेल समुद्राच्या तळाशी तिसऱ्या खरवडायचा
आणि मी वर होडीत, कॉम्प्रेसरशेजारी,
त्याची पिवळी नळी हातातून सोडत, ओढत.
एक झटका: सैल सोड.
दोन झटके: वर घे.
इंजिन खोकलं, की माझ्या छातीत काहीतरी अडकायचं.
केयोनच्या धक्क्यावरचे पुरुष हसायचे,
बायको वर बसलीय, म्हणून हा एवढा वेळ खाली राहतो.

एकदा फारच वेळ राहिला.
वर आला तो कमरेपर्यंतच आला.

गादी यास्ना नर्सनं आणली, बटाट्याच्या पोत्यांवर टाकून.
अठरा आडव्या निळ्या नळकांड्या.
विषम फुगतात तेव्हा सम बसतात,
दहा मिनिटांनी उलट.
एकाच हाडावर भार राहू नये म्हणून, ती म्हणाली.
भरती-ओहोटी, रोसामेल म्हणाला,
दिवसाला दोन पुरे होत्या की.

मी शहाणपणा केला. घोंगडी दुमडून घातली,
वर मेंढीचं कातडं, प्लास्टिक, मग चादर.
यास्नानं सगळं ओढून काढलं.
हवा आणि माणूस यांच्यामध्ये एकच चादर,
तीही ताणायची नाही.
बाकीची माया खुंटीला.

वजनाचा काटा ऐंशीवर होता.
ऐंशी किलोचा तो होता, होडीतून उडी मारायचा तेव्हा.
ऑगस्टात टाच लाल झाली,
बोटानं दाबली तरी पांढरी पडेना.
मी पंपाला शिव्या दिल्या, गादीला, यास्नाला.
मग कूस बदलताना लक्षात आलं,
मी त्याला एकटी उचलते आहे.
काटा साठावर आणला.
गादी त्याच रात्री मऊ झाली.
टाचेला तीन आठवडे लागले.
मला अजून लागताहेत.

लाल दिवा लागला तर ओरडायचं नाही, हात फिरवायचा.
प्लग. मग नळी पंपात बसते ती खाच, टक् वाजलं का?
मग नळी, वीत वीत, बोटांनी:
पलंगाच्या लोखंडात चेपलीय का, पीळ पडलाय का.
डोळ्यांवर जाऊ नये. डोळ्यांना नळी नेहमी सरळच दिसते.
मग उशाकडची लाल पट्टी, छाती दाबायची वेळ आली तर ओढायची,
जी आयलीननं एका रविवारी गंमत म्हणून ओढली
आणि आजोबा बघता बघता फळीला लागले.
(ते दोघंही हसत होते. मी नाही.)
शेवटी तळवा वर करून
नळकांड्यांखाली हात सारायचा, माकडहाडाच्या बरोबर खाली.
हवा लागली तर ठीक.
हाड लागलं तर गादी असून नसल्यासारखी.
रोज रात्री मी हा हात घालते.
लग्नाला चाळीस वर्षं झाली,
या स्पर्शाला आम्ही अजून नाव दिलेलं नाही.

काल वादळात तारेवर झाड पडलं.
पंप थांबला नि मी उठून बसले,
अंधार नंतर कळला.
नळी उपसली, तोंडाला टोपण दाबलं, हवा आत अडली.
आता ती काही तास नुसती धरून राहणार,
कूस बदलायचं काम माझं.
चुलीत लाकूड सारलं.
वारा छपराचे खिळे मोजत होता.
एदेल्मीरा, किती खोल आहे? त्यानं विचारलं.
फार नाही, म्हटलं. दोन वाव.

पहाटेकडे माझी बाही ओढली गेली.
एकदा.
मी दुसऱ्या झटक्याची वाट पाहिली.
तो आला नाही.
मग मी सैल सोडलं.

आठ वाजता यास्ना आली तेव्हा
वीज येऊन बराच वेळ झाला होता,
पंप लाल दिवा लावून
खोलीलाच हवा भरत होता,
आणि आम्ही दोघं झोपलेलो.
टोपण, ती म्हणाली, टोपण काढायचं असतं, बाई.