गेल्या वर्षीचं पान

सारेमा बेटावर एप्रिल.
हेझेलच्या रानात बर्फ अजून सावलीला धरून.
रबरी बूट घालून हिल्वे निघालीय, हातात पत्र्याचा मग.
पाद्रीबुवांचा निरोप होता:
ईस्टरला वेदीवर थोडी निळी फुलं हवीत.

मागच्या खेपेला नेली होती तिनं.
चर्चच्या गारठ्यात, अंधारात
पहिलं स्तोत्र संपायच्या आत
एकेक फूल मिटून गेलं.
राइवोसाठी लावलेली मेणबत्ती तेवढी जागी.
(त्याची बोट आली होती परत. रिकामी.)

यंदा ती निळ्याला हात लावत नाही.
खाली चाचपते, कुजल्या पाचोळ्यात:
जुनं पान, तीन पाळ्यांचं,
कडेनं करपलेलं, जांभळट,
अख्खा हिवाळा बर्फाखाली काढलेलं.
नवी पालवी यायचीय अजून.
तोवर झाडाचा संसार
यानंच ओढला.

तीन पानं. मगात पाणीसुद्धा नाही.
"आणि फुलं?" पाद्रीबुवा विचारतात.
"ऊन पडलं की काय, कुणीही फुलतं,"
म्हणते, आणि शेवटच्या बाकावर बसते,
बुटांच्या चिखलासकट.

प्रार्थना तिला येत नाहीत असं नाही.
ओठ हलत नाहीत, एवढंच.

वारा आत येतोय म्हणून कुणी
दार लोटायला उठतं.

"राहू दे," हिल्वे म्हणते. "उघडंच राहू दे."