आठ बाय आठ

तासगावात, बेदाणा मार्केटच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. स्कॅन, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत.
मार्चमधली दुपार. सुगंधा कोळेकर आल्या,
बोटांना प्रतवारीच्या टेबलावरचा चिकटा,
मोबाईल पुढं केला:
"एवढा मोठा करून द्या. फ्रेमचा."

नवऱ्याचा चेहरा, नखाएवढा.
तेराव्याला कुणीतरी पाठवलेला,
त्यालाही कुणीतरी, त्यालाही कुणीतरी.
मूळ ज्या फोनमध्ये होता
तो एकोणीसच्या पुरात सांगलवाडीला गेला.

मी मोठा केला.
गाल उघडला तर आत चौकोन.
आठ ठिपके आडवे, आठ उभे,
वाटणीनंतरच्या वावरात बांध पडावेत तसे.

त्यांना काय सांगणार? सांगितलं नाही
ते इथं लिहितो.

आधी नुसती मोजदाद होती.
अण्णांच्या अडतीत फॅक्स आला तेव्हा मी सातवीत.
सांगलीचे भाव यायचे, कागदाला जीभ फुटल्यासारखे.
त्या पेटीतला कारकून पांढरं पाठवत नसे,
पांढरं किती ते कळवी:
चाळीस कोरे, दोन काळे, शंभर कोरे.
पाकळीसुद्धा हरवत नव्हती.

आणि आखूड नावांची युक्ती.
परीक्षा टळावी म्हणून एका पोरानं शोधलेली, म्हणतात.
रोज लागतं त्याला आखूड खूण,
क्वचित लागतं त्याला लांब.
आमच्या गल्लीला हे कुणी शिकवलं नव्हतं.
इथं पम्या आहे, बाप्या आहे, नान्या आहे,
आणि वर्षातून एकदा येणारे
मा. श्री. सहाय्यक निबंधक साहेब, सहकारी संस्था.

तिथवर जसं बांधलं तसं सुटायचं.

मग, इकडं बहात्तरचा दुष्काळ ओसरत होता,
तिकडं कुणी चित्राच्या लाटा केल्या.
संथ लाट म्हणजे कपाळ, भिंत, आभाळ.
घाईची लाट म्हणजे पापणी, मिशीचा केस, लुगड्याचा काठ.
वीस वर्षांनी समितीनं ठरवून टाकलं:
घाईच्या लाटा माणसाला फारशा दिसत नाहीत,
त्यांना चाळण लावा.

हे मात्र आमच्या ओळखीचं.
चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा,
शेडमध्ये, जाळीवर, पंधरा दिवस.
पेटीत मावतो, वर्षभर टिकतो, दिल्लीला जातो.
रात्रभर भिजत घाला,
सकाळी फुगलेला असतो.
द्राक्ष नसतो.

"डाव्या डोळ्याखाली खूण हुती," सुगंधाबाई म्हणाल्या.
"ल्हानपणी विळा लागलेला. ती कुठं हाय?"
मी म्हटलं, मशीन बारीकसारीक गाळतं,
डोळ्याला जाणवणार नाही तेवढंच.

"कुणाच्या डोळ्याला?"

लॅमिनेटर तापत होता.
चौसष्ट आकड्यांचा एक तक्ता असतो,
कुठल्याशा खोलीत पडद्याकडं बघून बसवलेला,
किती गाळायचं त्याचा.
बघणाऱ्यांपैकी कुणी
या माणसाला अंगणात आरसा टेकवून
दाढी करताना पाहिलं नव्हतं.

माझे वडील निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं
देवीचे व्रण बुजवायचे. आठ आणे जादा.
लग्न जमायची त्यावर.
त्यांच्याच ड्रॉवरसमोर बसून
मी एक व्रण घालायला घेतला.

"खाली. आणखी जरा. एवढा लांब न्हवता."
पुसला. पुन्हा ओढला.
"कानाकडं तिरका."
पुसला.
तिसऱ्यांदा त्या बराच वेळ बघत राहिल्या,
बोट स्वतःच्याच गालावर, डाव्या, मग उजव्या.
"असंल," म्हणाल्या.

फ्रेमसकट साडेतीनशे. खुणेचे लावले नाहीत.
त्या गेल्यावर फाईल ठेवायला गेलो,
तर खिडकी उघडली: दर्जा किती?
पट्टी पार टोकाला नेली, बारावर.
बारालाही थोडं जातंच.
बाहेर सौद्याची घंटा झाली,
पम्या चहा ठेवून गेला.